कोणती नालोंगो?

पेर्पेतुआ नाकान्वागी हे नाव तिच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर होतं, शाळेच्या हजेरीपटावर होतं आणि विद्यापीठाच्या ओळखपत्रावर होतं. बाकी जगात ते कुठंच नव्हतं. जुळी झाली त्या दिवसापासून ती नालोंगो झाली. आई तिला नालोंगो म्हणायची, सासू म्हणायची, शाळेतला शिपाई म्हणायचा. नवराही तिला नालोंगोच म्हणायचा आणि ती त्याला सालोंगो. जुळ्यांचे आईबाप म्हणजे देवाने ज्यांच्या दारात दोनदा पाऊल टाकलं अशी माणसं. त्यांना त्यांच्या साध्या नावाने हाक मारणं बरं दिसत नाही.

तिचं वय आता चाळिशी ओलांडून गेलेलं. गावच्या शाळेत ती इतिहास शिकवायची आणि दर शुक्रवारी दुपारी शेवटचा तास दुसऱ्या बाईंच्या गळ्यात घालून राजधानीची टॅक्सी पकडायची. टॅक्सी म्हणजे चौदा माणसांच्या गाडीत अठरा माणसं, दोन कोंबड्या आणि कुणाच्या तरी मांडीवर मटोकेचा, म्हणजे कालवणाच्या हिरव्या केळ्यांचा, घड. शनिवारी दिवसभर विद्यापीठात जुने कागद चाळायचे, रविवारी चर्चमधली पहाटेची मिस्सा गाठायची आणि परत. तिच्या सोबत शिकणारी पोरं तिच्या विद्यार्थ्यांच्या वयाची होती. ती तिला 'मम्मी' म्हणायची आणि रांगेत पुढे जाऊ द्यायची. एवढंच त्या शिक्षणातलं सुख.

प्रबंध मात्र मनासारखा जमला होता. कासोझी नावाच्या एका गावातली एक बाई तिला सापडली होती. इंग्रजांच्या अमलात कापसाचा भाव पडला, तेव्हा कासोझीच्या बायकांनी कापूस घरातच दाबून ठेवला. सरकारी मुकादमाने वर कळवलं की वासवा आणि काटोची आई नालोंगो हिने बायकांना फितवलं. पुढे राजाला परदेशी धाडलं गेलं, सगळा मुलूख सुतकात बसला. तेव्हा मिशनच्या नन लोकांनी लिहून ठेवलं की कासोझीची नालोंगो, वासवा-काटोची आई, बायकांना घेऊन झाडाच्या सालीचं वस्त्र नेसून चर्चच्या पायरीवर बसली आहे आणि उठायला तयार नाही. आणि त्यानंतर, शिपायांच्या राज्यात, पोरांना रात्रीतून उचलून नेत असत त्या काळात, बराकीच्या फाटकाशी ठाण मांडून प्रेतं मागणारी एक म्हातारी होती. ती कोण, असं पेर्पेतुआनं कासोझीत जाऊन विचारलं, तर सगळ्यांनी एका तोंडाने सांगितलं, "नालोंगो. वासवा आणि काटोची आई."

तीन काळ आणि एक बाई. तरुणपणी कापूस, मधल्या वयात सुतक, म्हातारपणी प्रेतं. वयाचा हिशेबही नीट बसत होता. तिचे मार्गदर्शक डॉक्टर लुबुल्वा, एरवी कुणाला चांगलं म्हणताना ज्यांचं तोंड दुखायचं, ते म्हणाले होते, "मास्तरीणबाई, ही बाई तुम्हाला पदवी मिळवून देणार."

आणि पदवी हवीच होती. तिच्याच गावात शिक्षकांचं कॉलेज निघालं होतं. तिथे इतिहासाची जागा होती आणि प्राचार्यांनी शब्द टाकला होता: जुलैपर्यंत पदवी आणा, जागा तुमची. म्हणजे शुक्रवारची टॅक्सी संपली असती. साठसाठ पोरांच्या वह्या संपल्या असत्या. पाय सुजायचे ते कदाचित उतरले असते. विद्यापीठाने मुदत आधीच दोनदा वाढवून दिली होती. आता वाढणार नाही, हे कचेरीतल्या मुलीने डोळे वर न करता सांगितलं होतं.

प्रबंध बांधायला टाकायचा तेवढा राहिला होता. तेव्हा पेर्पेतुआच्या मनात आलं की एवढी वर्षं आपण या बाईच्या मागे फिरलो, तिच्यासाठी एक मिस्सा सांगावी. फादर विचारणार, कुणाच्या आत्म्यासाठी? तिचं बाप्तिस्म्याचं नाव काय? तिला ते ठाऊक नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं. विचारायचं सुचलं नव्हतं.

कासोझीत त्याच आठवड्यात एका घरी वारस बसवण्याचा समारंभ होता. मेलेल्या माणसाचं सुतक तिथे फिटतं, त्याच्या जागी घरातलं कुणी नेमलं जातं आणि कुळातली झाडून सगळी माणसं जमतात. नाव विचारायला याहून बरा दिवस कुठला मिळणार? ती गेली. पाहुणी म्हणून गेली तरी बाई माणूस. पुढच्या अंगणात मोठ्यांना गुडघे टेकून नमस्कार झाला की मागच्या दारी जाऊन मटोके सोलायला बसणं आलंच. केळीच्या पानांचा ढीग, धूर, शेंगदाण्याच्या कालवणाचा वास, आणि दहाबारा बायकांची तोंडं हातांहून भराभर चाललेली.

"राजधानीतून आलीस ना गं? तिथं मटोके सोलतात की विकत सोललेलीच घेतात?"

"सोलतात की."

"मग साल जाड का काढतेस? अर्धं केळं गाईला घालतेस ते!"

बायका हसल्या. पेर्पेतुआही हसली आणि साल पातळ काढू लागली. पाठ दुखत होती. शुक्रवारी नीट झोप झाली नव्हती आणि गुरुवारी तर नाहीच.

तेवढ्यात घरातून कुणीतरी ओरडलं, "नालोंगोऽ! अगं ते मोठं भांडं आण इकडे!"

"ओऽ!"

एक नव्हे, पाच आवाज. त्यातला एक पेर्पेतुआचा. अर्धवट उठलेल्या पाच बायका एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग जो हशा पिकला तो पुढच्या अंगणापर्यंत गेला.

"पाच नालोंगो, आणि भांडं एकीकडेही नाही!"

"अगं कोणती नालोंगो पाहिजे ते तरी सांग! गावाच्या वरच्या अंगाची की खालच्या?"

"टाकीजवळची!"

"मी नाही बाई. माझी जुळी मोठी झाली, मला आता आराम."

हसता हसता पेर्पेतुआ खाली बसली. हातातली सुरी तशीच राहिली. शेजारचीने तिच्या पुढ्यातलं केळं उचलून स्वतः सोललं, तरी तिला कळलं नाही.

कोणती नालोंगो?

हात पुसून ती पुढच्या अंगणात गेली. म्हातारे सेकाज्जा मांडवाच्या खांबाला टेकून बसले होते. केळ्याच्या दारूचा भोपळा पायाशी होता, आणि तो रिकामा नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच तिला बराकीची गोष्ट सांगितली होती. ती गुडघ्यांवर बसली.

"जाजा, एक विचारू का?"

इथे आजोबाला आणि आजीला, दोघांनाही जाजाच म्हणतात.

"विचार. आज खाऊन पिऊन झालंय, आज खरं सांगेन."

"कापूस दाबून ठेवला ती नालोंगो…"

"वरच्या अंगाची."

"आणि राजा गेला तेव्हा पायरीवर बसली ती?"

"ती माझी काकू. खालच्या अंगाची. तिच्या पायाला तिथेच वाताचं दुखणं लागलं, मरेपर्यंत गेलं नाही."

"म्हणजे त्या दोघी…" पेर्पेतुआ गुडघ्यांवरच पुढे सरकली. "पण दोघी वासवा आणि काटोच्या आया?"

"मग? जुळ्या मुलग्यांना दुसरं काय म्हणणार? पहिला वासवा, दुसरा काटो. तुझ्यांची नावं काय आहेत?"

"वासवा आणि काटो."

"मग झालं तर!"

"आणि बराकीची?"

"ती फिलोमेना. ती इथली नव्हेच, नदीपलीकडून लग्न होऊन आलेली. काकूच्या मागून."

"जाजा, मी तुम्हाला दोन वर्षांपूर्वी विचारलं होतं. तुम्ही बोलला नाहीत."

म्हातारा जरा दुखावला. "पोरी, तू विचारलंस नालोंगोनं काय केलं. मी सांगितलं काय केलं ते. कोणती, असं तू विचारलं नाहीस. मला वाटलं, तुला ठाऊक आहे. तू स्वतः नालोंगो."

तिने नावं विचारली. काकूचं नाव बिबियाना, हे थोडं डोकं खाजवल्यावर आठवलं. कापसाच्या नालोंगोचं नाव मात्र म्हाताऱ्याला आठवेना. त्याने पलीकडच्या म्हाताऱ्याला हाक मारली, त्याने आपल्या बहिणीला. तिघं वादावादी करत बसली. मार्गारेट? छे, मार्गारेट चुलत. मोठ्या बाईचं नाव तोंडावर कोण घेतं, आम्ही तेव्हा पोरं होतो.

"तिची मुलं? वासवा, काटो? ते असतील ना?"

"ते कुठले असायला. कापसाच्याच साली ताप आला. आधी धाकटा, मग थोरला, मग ती. पुरती पंचविशीचीही नसेल. राजाला नेलं ते तिला कळलंही नाही."

संध्याकाळी कासोझीतून निघताना तिच्या हातात मटोकेचं गाठोडं आणि मांसाचा वाटा बांधून दिला गेला. टॅक्सीत खिडकीजवळची जागा मिळाली. तिने जपमाळ काढली. पहिलाच मणी बोटांत धरून ती बसली, आणि तो मणी पुढे सरकला नाही.

घरी आल्यावर सालोंगोनं गाठोडं उतरवून घेतलं. तिचं तोंड बघून त्यानं आधी पाणी दिलं, मग विचारलं. तिनं सांगितलं. तो सायकली दुरुस्त करणारा माणूस, मोडलेलं काय आणि बसलेलं काय हे त्याला लवकर कळायचं.

"तीन निघाल्या तर तीन. एकीऐवजी तीन मिळाल्या की."

"तसं नाही हो. सगळा प्रबंधच एकीवर उभा आहे. ती तरुणपणी असं करते म्हणून पुढे तसं करते, कापसात शिकलेलं सुतकात वापरते. दुसरं प्रकरण पहिल्याच्या खांद्यावर आहे, तिसरं दुसऱ्याच्या. काढून टाकलं की उरतं काय?"

"मग राहू दे ना एकच. कोण येतंय भांडायला? मेलेल्या येणार नाहीत."

तिने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"बरं, चुकलं माझं. पण जुलै जवळ आलाय, एवढंच म्हणतोय. तुझे पाय बघ."

तिने पायांकडे पाहिलं नाही.

डॉक्टर लुबुल्वांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग खुर्चीत मागे रेलून एवढे हसले की बाहेरच्या कचेरीतली मुलगी दारात येऊन बघून गेली.

"मास्तरीणबाई, मला घरी काय म्हणतात ठाऊक आहे?"

"नाही सर."

"सालोंगो! बारा वर्षं मी सालोंगो आहे. रोज सकाळी ऐकतो. आणि तुमचा मसुदा चार वेळा वाचला. प्रत्येक पानावर वासवा, प्रत्येक पानावर काटो. शंका म्हणून आली नाही." त्यांनी डोळे पुसले. "बाहेरून आलेला एखादा पाद्री असता तर त्यानं पहिल्या दिवशी विचारलं असतं, बाई, हे नाव आहे की हुद्दा? आपण घरचे. आपल्याला काय दिसणार!"

मग ते गंभीर झाले. हसणं संपल्यावर त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायचा.

"आता ऐका. दोन वाटा आहेत. एक, प्रबंध आहे तसा द्या. खाली एक तळटीप टाका की ओळखीबद्दल कासोझीत मतभेद आढळतात. ते खोटं नाही. बाहेरचे परीक्षक दक्षिणेकडून येतात, ते तळटीप वाचतील आणि पुढे जातील. पदवी चांगल्या दर्जाची मिळेल, जुलैत मिळेल."

"आणि दुसरी?"

"दुसरी म्हणजे मोडा आणि पुन्हा बांधा. जूनअखेरपर्यंत. तुम्ही नोकरी करता. होणार नाही असं मी म्हणत नाही, पण जे होईल ते ठिगळासारखं होईल. तीन चांगल्या बायका मिळून एक मोठी बाई होत नाही. समितीला मोठी बाई आवडते."

"सर, तुम्ही काय केलं असतं?"

"मी?" त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "मी तुमच्याएवढा थकलेला असतो तर तळटीप टाकली असती. आणि तुमच्याहून कमी थकलेला असतो तरी बहुतेक टाकलीच असती."

तळटीप ती टाकणार होती. हे सांगितलं पाहिजे, कारण पुढे लोकांनी तिला फार धीराची वगैरे म्हटलं. तिने टीप लिहिली सुद्धा, शाळेच्या मधल्या सुट्टीत, शिक्षकांच्या खोलीत, चहा गार होत असताना. नेटकं वाक्य होतं. मग ती कुठे घालायची म्हणून तिने दुसरं प्रकरण उघडलं, तर तिथे तिचंच लिहिलेलं होतं: 'कापसाच्या संघर्षात मिळालेला अनुभव आता, प्रौढ वयात, तिच्या कामी आला.'

प्रौढ वयात.

त्या पोरीला प्रौढ वय आलंच नव्हतं. दोन मुलं एकापाठोपाठ मातीत घालून ती गेली होती. आणि आपण काय केलं? दुसरीचं आयुष्य घेऊन तिच्या अंगावर चढवलं. तिला तीस वर्षं जास्त जगवलं, म्हातारी केली, बराकीच्या दारात नेऊन बसवली. तिच्या मुलांनाही मोठं केलं. कुणी तिचं मरण एवढ्या सहज पुसलं नसेल. पेर्पेतुआच्या मनात आलं की देवासमोर उभं राहिल्यावर ती पोर विचारेल, बाई, माझी मुलं मेली त्याचं काय केलंत? आणि आपण म्हणणार, तळटीप टाकली होती.

तिने चहा तसाच ठेवला आणि टिपेचा कागद फाडला. फाडताना तिला उदात्त वगैरे काही वाटलं नाही. रडू येण्याइतका कंटाळा आला. पुन्हा सगळं. पुन्हा पहिल्या पानापासून.

मे आणि जून कसे गेले ते घरच्यांनाच ठाऊक. सालोंगो स्वयंपाक करायला शिकला. म्हणजे कसाव्याचे कंद उकडायला शिकला. वासवाने आईच्या शाळेच्या वह्या तपासल्या आणि आपल्याच मित्राला नापास केलं, त्यावरून आठवडाभर अबोला झाला. काटो पानं मोजून ठेवायचा. ती पहाटे मिस्सेआधी लिहायची आणि कधी कधी मिस्सेत डुलक्या घ्यायची. फादरनी एकदा दारात थांबवून म्हटलं, "नालोंगो, देवाला तुझ्या घोरण्याची सवय झाली आहे, मला अजून नाही."

कासोझीला ती आणखी दोनदा गेली, पहिलीच्या नावासाठी. वरच्या अंगाचं घर कधीच पडलं होतं, तिथे आता कुणाचीतरी कॉफीची बाग होती. मिशनच्या जुन्या नोंदीतही तिचं नाव सापडलं नाही. मुलांची नावं मात्र सगळीकडे मिळत होती: वासवा, काटो, वासवा, काटो. त्यांचा काय उपयोग?

प्रबंध मुदतीत जमा झाला, पण तोंडी परीक्षा जुलै उलटून गेल्यावर झाली. मोठं टेबल, पाणी, आणि दक्षिणेकडचे परीक्षक, बारीक आवाजाचे, बुटांना चकाकी असलेले. त्यांनी प्रबंध पुढे ओढला.

"तीन प्रकरणं एकमेकांना फारशी धरून नाहीत, न्याबो."

"नाहीत, सेबो."

इथे बाईंना न्याबो म्हणतात आणि साहेबांना सेबो.

"पहिलं तर मध्येच तुटतं. बाई मरते आणि तुम्ही थांबता."

"ती मेली, सेबो."

डॉक्टर लुबुल्वा खोकले. परीक्षकांनी पान उलटलं.

"दुसऱ्या बाईचं नाव बिबियाना. तिसरीचं फिलोमेना. पहिलीचं नाव कुठे दिलेलं नाही."

"मिळालं नाही."

"मग मी तिला काय म्हणू? अहवालात काहीतरी लिहावं लागेल."

"नालोंगोच म्हणा," पेर्पेतुआ म्हणाली. "फक्त दुसरं प्रकरण आलं की तिला सोडून द्या. पुढे ओढू नका. मी ओढलं होतं."

परीक्षकांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मग बराच वेळ काहीतरी लिहिलं.

ती पास झाली. अगदी काठावर, शुद्धलेखनाच्या आणि मांडणीच्या दुरुस्त्या करण्याच्या अटीवर. बाहेर व्हरांड्यात डॉक्टर लुबुल्वांनी दोन्ही हातांत तिचा हात धरला आणि मान हलवली.

"कॉलेजच्या जागेचं कळलं का तुम्हाला?"

"मागच्या आठवड्यात. दुसऱ्या कुणाला दिली. तरुण मुलगा आहे, चांगला आहे म्हणतात."

"वाईट वाटतंय?"

"वाटतंय की सर." तिने बुटातून टाच बाहेर काढली आणि क्षणभर भिंतीला टेकली. समोरच्या रस्त्यावर टॅक्सीवाले एकमेकांवर ओरडत माणसं भरत होते. "पण ते घरी जाऊन वाटून घेईन. आत्ता आधी बसायला जागा मिळू दे."

मग ती पायऱ्या उतरली. टॅक्सीतल्या पोऱ्यानं तिच्या सुजलेल्या पायांकडे बघून खिडकीजवळच्या तरुणाला उठवलं, आणि ती आभार मानायला विसरून बसली.